दाभेगडचे उभे राज्य

दाभेगडाच्या पायथ्याशी आपण पाहत आहात ते थोरले तळे. त्याच्या पूर्वेच्या बांधावर, पाणी सोडण्याच्या मोरीच्या तोंडाशी, दगडी ओटा आहे. कार्तिकात रब्बीचे पहिले पाणी सोडतात, त्या दिवशी या ओट्यासमोर मांडव पडतो, खुर्च्या मांडल्या जातात, आणि तरीही एकही मनुष्य बसत नाही. सरपंच उभे असतात, पाटबंधारे खात्याचे साहेब उभे असतात, म्हाताऱ्या बायका काठीला धरून उभ्या असतात. परगावचा पाहुणा खुर्ची ओढू लागला, तर शेजारचा मनुष्य त्याचा हात हलकेच धरतो आणि म्हणतो, ‘‘थांबा थोडं. अजून निरोप आला नाही.’’

हा निरोप कसला, आणि बसण्याची मनाई कोणी केली, हे आपण विचारलेत, म्हणून सांगतो. ही कथा कोणत्याही बखरीत नाही. गडाच्या राजांची वंशावळ देवळाच्या भिंतीवर कोरलेली आहे, तीतही हे राज्य नोंदलेले नाही. वडीलधाऱ्यांच्या तोंडून जसे ऐकले, तसेच आपल्यापुढे ठेवतो.

फार पूर्वी गडावर हंबीरदेव नावाचे राजे राज्य करीत होते. तळे त्यांच्या पूर्वजांनी बांधले. त्यातून निघणारा पाट डोंगराच्या कडेकडेने उतरत खालच्या वाड्या-वस्त्यांपर्यंत जाई आणि वाटेतील सारी वावरे भिजवी. हंबीरदेवांना मात्र नौकाविहाराचा नाद होता. पावसाने ओढ दिली, तेव्हा तळे उतरेल आणि नाव गाळात रुतेल, या धास्तीने त्यांनी मोरीला दगडी दट्टा बसवून पाट बंद केला. वर राजाची नाव तरंगत होती आणि खाली शाळूची पेरणी करपत होती, असे सांगतात. खालच्या वाड्यांतील लोक गडावर गाऱ्हाणे घेऊन गेले. त्यांना उत्तर मिळाले की, तळे राजाचे आहे, पाऊस देवाचा आहे, तेव्हा देवाकडे जावे.

या राजांचे सरलष्कर सुभानजी ढवळशंख. मनुष्य उंच, अल्पभाषी आणि शब्दाला पक्का. त्यांचे आजोळ खालच्या वाड्यांतले, त्यामुळे करपलेली शेते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. त्यांनी राजांना समजावून पाहिले. राजे म्हणाले, ‘‘सरलष्कर, आपण घोडी सांभाळा. पाणी आम्ही सांभाळतो.’’

त्या वर्षीच्या दसऱ्याला जे घडले, ते सारा मुलूख जाणतो. सीमोल्लंघनाला राजाने सर्वांच्या पुढे निघावे आणि फौजेने मागून जावे, असा गडाचा रिवाज होता. हंबीरदेव अंबारीतून महादरवाजाबाहेर पडले, मानकरी पडले, वाजंत्री पडले, आणि दरवाजा आतून बंद झाला. तो बंद करणारा होता मानाजी गवंदे, दरवाजावरचा नाईक आणि सुभानजींचा जिवलग. सुभानजी बुरुजावर आले आणि त्यांनी खाली वाकून मुजरा केला. ‘‘महाराज, सीमा ओलांडली आहेच, आता पुढेच जावे.’’ राजांनी वर पाहिले. सारी फौज आत होती. रक्ताचा थेंब सांडला नाही. राजे सासुरवाडीला निघून गेले. वाजंत्र्यांना कोणाबरोबर जावे ते कळेना, ते बराच वेळ दरवाजासमोर वाजवीत राहिले, म्हणे.

दुसऱ्या दिवशी खालच्या वाड्यांचे लोक गडावर जमले. राजा गेला हे ठीक झाले, पण आता हा काय करणार, अशी शंका त्यांच्या तोंडावर दिसत होती. सुभानजींनी ती ओळखली. गडावरच्या पाटजाई देवीच्या समोर त्यांनी बेलभंडारा उचलला आणि शपथ घेतली, ‘‘या तळ्याचे पाणी शेवटच्या वावरात पोचेपर्यंत मी बसणार नाही.’’ त्यांच्या मनात गादीवर बसण्याची गोष्ट होती, यात शंका नाही. परंतु तोंडून गादीचे नाव निघाले नाही, आणि बेलभंडारा तर उचलून झाला होता. शब्द निघाला तसाच पाळावयाचा, असे सुभानजींनी ठरविले. दिवसभर ते उभे राहत. जेवतही उभ्यानेच. निद्रेसाठी तेवढे आडवे होत, कारण आडवे होण्याविषयी शपथेत काही नव्हते.

आता गडाचा आणखी एक रिवाज असा होता की, धनी उभा असताना चाकराने बसू नये. त्यामुळे सारा दरबार उभा राहिला. कारकून एकमेकांच्या पाठीवर कागद टेकवून लिहू लागले. फडात न्यायनिवाडे झटपट होऊ लागले, कारण वादी, प्रतिवादी आणि पंच, तिघांच्याही पोटऱ्या दुखत. शिपाई आपापसांत म्हणत, ‘‘राजाच्या राज्यात पोट रिकामं होतं, यांच्या राज्यात पाय भरून आले.’’ लोकांनी या कारभाराला उभे राज्य असे नाव दिले, ते तेव्हापासून.

प्रारंभी कोणालाच याचे ओझे वाटले नाही. मोरीचा दट्टा सुभानजींनी स्वतः काढविला होता आणि पाट खळाळत सुटला होता. पाणी आज ना उद्या पोचेल, असा सर्वांचा समज. सरलष्कर हे घोड्याच्या पाठीवर वाढलेले, पाटाची रीत त्यांना ठाऊक नव्हती. सोडलेले पाणी पोचतेच, असे ते धरून चालले. परंतु खालून रोज निरोप येई की, अजून नाही. शेवटचे वावर ठकूआक्का नावाच्या एका विधवेचे होते. तिने जपून ठेवलेले शाळूचे बियाणे ओलीच्या भरवशावर पेरले होते. कोंब वर आले होते आणि पाण्याविना माना टाकीत होते. ते गेले, तर पुन्हा पेरण्यास तिच्यापाशी मूठभर दाणाही नव्हता.

इकडे कारभारी त्र्यंबकपंत यांचे गुडघे सुजले. पंत वृद्ध, हुशार आणि मनाने वाईट नव्हेत. एके सकाळी ते खांबाला टेकून म्हणाले, ‘‘सरलष्कर, शपथ पाण्याची आहे. पाटाची नाही.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘पाणी वावरात पोचले पाहिजे, एवढेच देवीपुढे ठरले. कसे पोचावे, ते देवीने विचारलेले नाही. तळ्याच्या पाण्याच्या पखाली भरून रेड्यावरून धाडू.’’

सुभानजींनी खाली पाहिले. त्यांचे पाय खांबासारखे सुजले होते. शिवाय गादी रिकामी पाहून शेजारचे राजे चुळबुळ करू लागले होते. एकदा बसलो की घडी नीट बसवता येईल, असे त्यांना वाटले असावे. ते म्हणाले, ‘‘पाठवा.’’

पखाली गेल्या, वावरात रित्या झाल्या, आणि पंतांनी मुहूर्त काढला. बेलभंडारा उतरवून शपथ फेडण्यास शेवटच्या वावराच्या धन्याची साक्ष हवी, म्हणून ठकूआक्काला बैलगाडीतून गडावर आणले. दरबार नटला होता. गादीवर नवी बैठक घातली होती. सुभानजी पायरीवर एक पाय ठेवून उभे होते.

पंतांनी विचारले, ‘‘आक्का, देवीला स्मरून सांगा. पाणी पोचलं ना?’’

‘‘नाही पोचलं.’’

‘‘अहो, काल पखाली आल्या होत्या ना?’’

‘‘आल्या होत्या की. सकाळी ओतलं, दुपारी भेगा पुन्हा वाकुल्या दाखवायला लागल्या. ते पोचलेलं नव्हतं पंत, आणलेलं होतं.’’

‘‘पाणी ते पाणी, आक्का.’’

‘‘आपल्या पायांनी आलेला पाहुणा पुन्हा येतो. उचलून आणलेला येत नाही. उद्या कोण आणणार? तुमचे गुडघे तर असे.’’

मागे कोणीतरी हसले आणि लगेच खोकले. सुभानजींनी पायरीवरचा पाय खाली घेतला. ते म्हातारीला म्हणाले, ‘‘आक्का, पाट कुठं अडतो?’’

‘‘मला काय विचारता? तुमच्याच माणसांना विचारा. नाहीतर पाटाच्या कडेनं चालत या. घोड्यावरून नाही दिसायचं.’’

सुभानजींनी जोडे मागविले आणि ते पायी निघाले. मोरीपासून पाटाच्या कडेकडेने ते उतरू लागले, मागून ठकूआक्काची गाडी येत होती. पाट कोठे अडत होता, हे कळण्यास फार वेळ लागला नाही. दसऱ्याच्या कामगिरीबद्दल त्यांनीच आपल्या नाइकांना पाटाकाठच्या जमिनी इनाम दिल्या होत्या. प्रत्येक नाइकाने आपापल्या बांधाशी पाट फोडून पाणी आत घेतले होते. सर्वांत मोठे भगदाड मानाजी गवंदे याच्या शेताला होते. त्याने नवा ऊस लावला होता आणि ऊस तुडुंब पाण्यात उभा होता.

मानाजी बांधावर भेटला. तो शरमला नाही.

‘‘दरवाजा कुणी लावला, सुभानराव?’’ त्याने विचारले.

‘‘तू लावलास.’’

‘‘तो हात थरथरला असता, तर आज तुमची मान गडावर टांगलेली असती. मग पहिलं पाणी कुणाचं?’’

‘‘तुझा उपकार मोठा आहे, मानाजी. माझं घर माग, घोडी माग, देतो. पाणी माझं नाही.’’

‘‘मग कुणाचं? त्या म्हातारीचं? तिच्या जोरावर गड राखणार आहात?’’

भगदाड बुजविले, तर मानाजी जाणार आणि त्याच्यामागे फौज जाणार, हे सुभानजींना दिसत होते. न बुजविले, तर गादी होती, फौज होती, आणि खालची शेते जशी हंबीरदेवांच्या वेळी होती तशीच होती. मग त्यांनी कमरेची तलवार सोडून बाभळीला अडकविली, आणि वाकून पहिले ढेकूळ उचलून भगदाडात टाकले. खालच्या वाड्यांचे लोक दुरून पाहत होते. ते फावडी घेऊन धावले.

मानाजीने तलवार उपसली नाही. काही लोक येथे मोठी लढाई झाल्याचे सांगतात. ते ग्राह्य धरू नये. तो घोड्यावर बसला आणि शांतपणे गडाकडे गेला. एकामागून एक इतर नाईकही गेले. सुभानजी मात्र पाटाच्या कडेने खाली खाली सरकत राहिले, एकेक फोड बुजवीत राहिले, आणि पाणी त्यांच्या बरोबरीने चालू लागले.

दिवस कलताना ते ठकूआक्काच्या वावरात पोचले. प्रथम कोरड्या पाटातून वाळलेली पाने सरकत आली. त्यांच्यामागे फेस आला, मग गढूळ पाण्याची जीभ. भेगांत पाणी शिरू लागले तसे खेकड्यांच्या बिळांतून बुडबुडे निघाले आणि तापल्या मातीचा वास सुटला. आक्का फावडे घेऊन सऱ्यांत पाणी फिरवू लागली. सुभानजी बांधावर उभे होते.

इतक्यात गडावरून एक स्वार आला. तो घोड्यावरून उतरला, परंतु मुजरा करावा की नाही, हे त्यास ठरविता येईना. तो म्हणाला, ‘‘सरलष्कर, मानाजीराव गादीवर बसले. तुम्हाला वर येऊ नका म्हणून सांगितलंय.’’

‘‘बसला?’’

‘‘बसले.’’

सुभानजी म्हणाले, ‘‘बरं झालं. पाय दुखत होते बिचाऱ्याचे.’’

ठकूआक्काने फावडे चिखलात रोवले आणि त्यांच्याकडे पाहिले. ‘‘तुमचे काय कमी दुखत असतील? पाणी आलं. बसा आता.’’

तेव्हा सरलष्कर सुभानजी ढवळशंख त्या ओल्या बांधावर बसले. उभे राज्य तेथे संपले.

पुढे मानाजीचे आणि इतर नाइकांचे पटले नाही. गादी पुन्हा राजघराण्याकडे गेली. हंबीरदेवांचे पुतणे गडावर आले. त्यांनी सर्व काही पूर्ववत केले, परंतु मोरीला पुन्हा दट्टा बसविण्याचे धाडस केले नाही. सुभानजी खालच्या वाडीतच राहिले आणि पाटकरी म्हणून पाण्याच्या पाळ्या लावीत म्हातारे झाले, असे सांगतात. त्यांची समाधी कोठे आहे, हे कोणास सांगता येत नाही.

आजही पाणी सोडले की ओट्यासमोर सर्व मंडळी उभी राहतात. शेवटच्या वावराचा धनी, मग तो पुरुष असो वा स्त्री, पाणी डोळ्यांनी पाहून चालत वर येतो. मधली खुर्ची त्याची. तो तीवर बसतो आणि म्हणतो, ‘‘पाणी आलं. बसा आता.’’ मग मंत्री असोत वा सरपंच, सारे बसतात, आणि गुळाच्या खिरीच्या पंक्ती उठतात.

माझ्या आठवणीत एक वर्ष असे गेले की, निरोप आला नाही. मधल्या गावांनी विजेचे पंप पाटात टाकले होते. एक मोठे पाहुणे त्या दिवशी उपस्थित होते. त्यांच्या माणसांनी, आता बसून घ्यावे, असे सुचविले. सरपंचांनी लोकांपुढे हात जोडले, पण कोणी हलले नाही. सूर्य गडाआड गेला, तेव्हा माणसे, त्यांत मधल्या गावांचीही, उभ्याउभ्याच घरी निघाली. खीर जनावरांना घातली आणि मांडववाल्याच्या खुर्च्या तशाच परत गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मधल्या गावांतील माणसे पाटात उतरली आणि आपापले पंप स्वतःच्या हातांनी काढू लागली.