तुपाचा घडा आणि गवळणीची लाठी

फार जुन्या काळची गोष्ट आहे, मुलांनो, आणि मुलांना पुढे बसवून मागून कान देणाऱ्या थोरांनो. राजा कोण होता ते मला ठाऊक नाही, राज्याचं नावही मला कुणी सांगितलं नाही. पण एक घाट होता, घाटाच्या पायथ्याशी गवळ्यांचं गाव होतं आणि घाटापलीकडे राजधानी होती, एवढं नक्की.

त्या गावचं तूप राजधानीत नावाजलेलं होतं. पुरुष गुरं घेऊन रानात जात आणि बायका तुपाचे घडे डोक्यावर घेऊन घाट चढत. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घडा, दोन्ही हात खाली सोडलेले आणि मान ताठ. मात्र ठेच लागली, पाय घसरला किंवा साप आडवा गेला, की दोन्ही हात झटकन वर जाऊन घडा धरत.

हे काही आपोआप येत नसे. मुलगी सहा वर्षांची झाली की तिच्या डोक्यावर पाण्याचं लोटकं ठेवून तिला अंगणात चालवत आणि मागून कुणीतरी तिला दचकवत असे. पाणी सांडलं तर त्या दिवशी तिला उपाशी झोपावं लागे. असं दोन वर्षं चाललं, की तिचे हात डोळ्यांआधी वर जात. आणि मोठेपणी जिच्या हातून घडा फुटला, तिला गाव ‘फुटकी’ म्हणे. तिच्याकडे पुन्हा कुणी तूप सोपवत नसे आणि तिच्या दारात सोयरीकही येत नसे.

अशा त्या गावात दोन बहिणी होत्या. थोरली वीस वर्षांची आणि धाकटी चौदाची. त्यांची आई आदल्या उन्हाळ्यात घाटात गेली होती.

झालं होतं असं. घाटाच्या मध्यावर वाट फार अरुंद होती. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, आणि समोरून बैल आला तर माणसाने मागे फिरावं इतकी ती जागा चिंचोळी. तिथे दोन वाटमारे दबा धरून बसू लागले. बाई आली की एक पुढून येई, एक मागून. बाईचे हात घड्याकडे जात आणि वर उचललेल्या हातांतल्या पाटल्या ते निवांत ओढून काढत. आईच्या हातातली पाटली निघेना. त्यांनी हिसडा दिला, तिचा तोल गेला आणि ती दरीत पडली. लोक खाली उतरले तेव्हा तिच्या दोन्ही हातांनी घडा तसाच धरलेला होता. काठाचा एक टवका उडाला होता, बाकी घडा शाबूत होता.

गावाने तिचं मोठं कौतुक केलं. मेली, पण तूप सांडू दिलं नाही, असं म्हणत बायका आपल्या लेकींना तिचा दाखला देऊ लागल्या. धाकटी ते ऐकून ताठ मानेने चाले. थोरली मात्र ऐकलं की उठून गोठ्यात जाई आणि गाईच्या पोटाला डोकं टेकवून रडे.

आता दसऱ्यानंतर धाकटीही घडा घेऊन घाट चढणार होती. दुसरी वाट नव्हती आणि दुसरा धंदाही नव्हता. आई गेली, आता ही जाऊ नये, एवढा एकच विचार थोरलीच्या मनात रात्रंदिवस होता. तिने ठरवलं की स्वतःच्या आणि बहिणीच्या रक्षणासाठी आपण एखादी विद्या शिकायची.

राजधानीत तालमींना तोटा नव्हता. ती पहिल्यांदा गेली दांडपट्टा शिकवणाऱ्या वस्तादांकडे. त्यांनी पट्टा असा फिरवला की चारी बाजूंनी नुसतं चकाकतं चक्र दिसावं, आणि शिष्याच्या तळहातावर ठेवलेलं लिंबू त्याच्या कातडीला ओरखडाही न उठू देता दोन फाकींत कापलं. थोरली बघतच राहिली. पण मग तिच्या लक्षात आलं की पट्टा फिरवायला बारा हात मोकळी जागा लागते, आणि घाटातली वाट जेमतेम दीड हात रुंद होती.

मग ती कुस्तीच्या वस्तादांकडे गेली. भला माणूस होता. त्यांनी तिला हसून घालवून दिलं नाही, उलट नीट बसवून समजावलं, की मातीत दोन-तीन वर्षं घालवावी लागतील आणि दोघं एकदम अंगावर आले तर कुस्तीगिराचीही तारांबळ उडते. शेवटी थोरलीने लाठी निवडली. लाठी चढताना आधाराला होते, तिच्यावर कुणाचा डोळा जात नाही आणि अरुंद जागेत तिने ढोसता येतं. निवड शहाणपणाची होती, आणि उगाच कुणी तिला नावं ठेवू नयेत.

आठवड्यातून दोनदा तूप विकून झालं की ती लाठीच्या तालमीत जाई. जाता-येता वाटमारे भेटू नयेत म्हणून ती ते चार महिने धान्य नेणाऱ्या सरकारी तांड्यामागून चालली; दसऱ्याआधी तो तांडा बंद होणार होता. हाताला घट्टे पडले, खांदा सुजला, पण ती शिकली. तिच्या वस्तादांनी तिला सांगितलं की तुझ्यासमोर उभा राहणारा गडी आता माझ्या तालमीत उरला नाही. थोरली समाधानाने घरी निघाली.

घाटाच्या माथ्यावर एक म्हातारी धनगरीण मेंढरं चारत असे. उभा जन्म तिने लांडग्यांशी झुंजण्यात घालवला होता. त्या दिवशी रिकामा घडा डोक्यावर आणि नवी कोरी लाठी हातात घेऊन थोरली तिच्यासमोरून डौलात गेली. म्हातारीने तिची विचारपूस केली, चार महिन्यांची हकीकत ऐकून घेतली, शाबासकीही दिली. थोरली पाठमोरी झाली मात्र, म्हातारीने आपल्या काठीचा एक फटका तिच्या पोटरीवर मारला.

थोरली धडपडली. लाठी खडकावर आपटून उताराला घरंगळत गेली.

“पोरी,” म्हातारी म्हणाली, “तुजे हात कुठं हायेत ते बघ.”

थोरलीने पाहिलं. तिचे दोन्ही हात घड्याला होते, आणि घडा रिकामा होता.

ती मटकन खाली बसली. तिला आई आठवली.

“तू इद्या चांगली निवडलीस,” म्हातारी तिच्याजवळ बसत म्हणाली. “पर ती मैदानात उभ्या असलेल्या बाईची इद्या हाय. घाटात तू मैदानातली न्हाईस, घड्याखालची हायेस. लांडगा आला तर मी आधी हातातलं कोकरू खाली टाकते, मग काठी उचलते. टाकताना माजंबी काळीज तुटतं. पर दोन्ही धरायला गेले तर कोकरू जातं, काठी जाते आन मी बी जाते.”

थोरलीने तिचे पाय धरले आणि घडा टाकायचं शिकव म्हणून विनवलं.

ऐकायला हे किती सोपं वाटतं. टाकायचं त्यात काय शिकायचं, असं तुम्ही म्हणाल. पण पट्टा, कुस्ती आणि लाठी तिन्ही मिळून जेवढं अवघड नव्हतं तेवढं हे निघालं. म्हातारी तिला उतारावर चालवायची आणि मधेच ढकलायची. घडा पाडायचा आणि हात लाठीवर ठेवायचे, एवढंच करायचं. अकरा दिवस थोरलीचे हात वरच जात राहिले. बाराव्या दिवशी घडा पडला. तो फुटल्याचा आवाज ऐकून तिला हुंदका आवरेना. एकविसाव्या दिवशी मात्र घडा जमिनीला लागायच्या आत लाठीचं टोक म्हातारीच्या छातीपाशी पोचलं होतं.

गावात ही गोष्ट लपून कशी राहणार? कुंभार खूश झाला, बाकी कुणीच झालं नाही. जाणूनबुजून घडे फोडणारी पोर गावाने कधी पाहिली नव्हती. पोरंसोरं तिला ‘फुटकी’ म्हणू लागली. सगळ्यांत मोठा घाव धाकटीने घातला. थोरलीने तिला म्हातारीकडे चल म्हटलं, तेव्हा ती म्हणाली की मला आईसारखं नाव काढायचं आहे, तुझ्यासारखं घालवायचं नाही. दसरा झाल्यावर थोरलीने धाकटीला एकटं न सोडता तिच्या मागोमाग चालायचं ठरवलं.

कार्तिकातली एक सकाळ होती. दोघी बहिणी भरलेले घडे घेऊन चिंचोळ्या वाटेवर पोचल्या. पुढे धाकटी, मागे थोरली. कड्याच्या वळणावरून एक वाटमारा समोर आला. मागून दुसऱ्याची चाहूल लागली.

थोरलीने मान झटकली आणि आपला घडा दरीत सोडला. पण धाकटीचे हात वर गेले होते. समोरच्या माणसाने तिची पाटली धरली, तशी तिने घड्याची पकड आणखी घट्ट केली. थोरली ओरडली, टाक म्हणाली, स्वतःची आण घातली. धाकटीला ऐकू येत होतं, टाकावंसंही वाटत होतं, पण हात ऐकत नव्हते. हिसडा बसला आणि तिचा एक पाय वाटेच्या कडेला गेला.

चार महिने घाम गाळून शिकलेल्या लाठीचा पहिला फटका थोरलीने मारला, तो वाटमाऱ्यावर नाही. तो तिने बहिणीच्या घड्यावर मारला.

घडा फुटला. धाकटीच्या हातांत धरायला काही उरलं नाही, आणि त्या हातांनी आपणहून कड्यातून बाहेर आलेलं एक मूळ धरलं. दुसरा फटका समोरच्याच्या गुडघ्यावर बसला, तिसरा मनगटावर. तो ओरडत खाली बसला. मागचा माणूस तिथेच थबकला. अडवल्यावर हात खाली आणणारी बाई त्याने त्या वाटेवर आजवर पाहिली नव्हती. थोरली त्याच्याकडे वळली तेव्हा तो आपल्या साथीदाराला तिथेच टाकून पळत सुटला.

दोघी तूप माखलेल्या अंगाने गावात परतल्या. चावडीवर माणसं जमली. गावातला सगळ्यांत म्हातारा गवळी पुढे झाला आणि घडे कुठे आहेत असं त्याने विचारलं. थोरलीने घडलं ते सांगितलं. म्हाताऱ्याने कपाळाला हात लावला.

“तुजी आय मेली,” तो थोरलीला म्हणाला, “पर तिनं तूप सांडलं न्हाई. आन तू बहिणीचा घडा आपल्या हातानं फोडलास?”

“व्हय, फोडला,” थोरली म्हणाली. “आयनं तूप राखलं, बाबा. ते तूप तुमी समद्यांनी इकलं. आमाला आय पायजे हुती.”

म्हाताऱ्याची स्वतःची नातही त्याच वाटेने जात होती. तो धाकटीपाशी गेला आणि तिच्या खरचटलेल्या हातांवरून त्याने आपला हात फिरवला. धाकटी बहिणीला बिलगली आणि आई गेल्यापासून पहिल्यांदाच मोठ्याने रडली.

दुसऱ्या दिवशी गावातल्या सात मुली घाटमाथ्यावर धनगरणीकडे गेल्या. त्यांच्यापुढे धाकटी होती. पुढे त्या वाटेवर कितीतरी घडे फुटले, पण दरीतून बाई वर आणायची वेळ त्या गावावर पुन्हा आली नाही.

म्हणून सांगतो, रक्षणासाठी विद्या हवी ती निवडा, पण जीव वाचवायचा असेल तर आधी हातातलं सोडायला शिका.