खारतळ्याची पायली

चिरेवणचा घाट चढून आलेला माणूस दमलेला असतो. समोर तळं दिसतं, तो धावत जाऊन ओंजळ भरतो आणि पहिल्याच घोटाला थू थू करत मागे सरतो. गावची माणसं आधी सांगत नाहीत. त्यात थोडी खोडी आहे, ती कबूल केलेली बरी. मग कुणीतरी हसून म्हणतं, "पाव्हणं, खारतळं म्हनत्यात याला. उगाच न्हाई म्हनत."

समुद्र इथून पायी दोन दिवसांच्या वाटेवर. आजूबाजूचे सगळे झरे गोड. वरच्या अंगाला आंब्याखालचा झरा तर इतका गोड की लोक गाडी थांबवून बाटल्या भरून नेतात. मग हे एकच तळं खारट कसं? शिकलेली माणसं म्हणतात, कातळात क्षार असतील. असतील बापडे. गावात मात्र वेगळं सांगतात. ते ऐकायचं तर या काठावरच्या दगडावर बसा. गोष्ट आनंदाची नाही, तेवढं आधीच सांगून ठेवतो.

ही हकिकत आगीनगाडी नुकती घाट चढून देशावर आली त्या काळची. त्याआधी इथे मीठ यायचं ते बैलांच्या पाठीवरून. दिवाळी झाली की खालच्या बंदरातून वंजाऱ्यांचा तांडा निघायचा. दोन-अडीचशे बैल आणि प्रत्येकाच्या पाठीवर मिठाच्या दोन गोणी. पुढच्या बैलाच्या शिंगांना आरसे, मोरपिसं आणि गळ्यात घंटांची माळ. त्या बैलावर ओझं लादत नसत. तांड्याच्या नायकाच्या घरचं माणूस असल्यासारखा तो रिकामाच चालायचा.

तांडा या तळ्यावर उतरायचा. बायामाणसं गोणी एकावर एक रचून काठावर भिंत उभी करायची, तिच्या आडोशाला चुली पेटायच्या. गावात मात्र तांड्याचं एकही माणूस पाऊल टाकायचं नाही. मीठ दारोदार विकायचं नाही, हा त्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा दंडक. मग घंटा वाजायच्या आणि गाव धान्य घेऊन खाली यायचं. एक पायली नाचणीला एक पायली मीठ, अशी मापाला माप. तेच धान्य तांडा खायचा, उरलेलं परतताना खाली बंदरात नेऊन विकायचा. इथल्या नाचणीला दुसरं गिऱ्हाईक नव्हतं आणि तांड्याला दुसरं जेवण नव्हतं.

पहिल्या मापाचा मान ठकूबाईच्या घराचा. कुठल्याशा दुष्काळात तिच्या सासऱ्याच्या आज्याने आपल्या कणगीतलं शेवटचं धान्य तांड्याला दिलं होतं म्हणे. तेव्हापासून त्या घरची पायली पडल्याशिवाय गोणीचं तोंड उघडायचं नाही आणि तांड्याने पुढच्या गावाकडे पाऊलही उचलायचं नाही, असं ठरून गेलं. ठकूबाई लग्न होऊन आली तेव्हापासून पायली तिच्या हातात आली. नायक थावरा तिला बहीण मानायचा. तिचा नवरा वारला त्या वर्षी तिने लाजत अर्धीच पायली नाचणी आणली होती. थावराने ती न बघितल्यासारखी ओतून घेतली आणि पायली शिगोशीग मिठाने भरून दिली. ठकूबाईला माहेर राहिलं नव्हतं. वर्षातून एकदा घंटा वाजल्या की तिला माहेर भेटायचं.

मग आगीनगाडी आली. बारा कोसांवर ठेसन झालं, आणि ठेसनावर एका व्यापाऱ्याने मिठाचं दुकान थाटलं. बैलाच्या पाठीवरून एक गोण यायला जितका खटाटोप, तितक्यात गाडीच्या एका डब्यातून शंभर यायच्या. मीठ स्वस्त झालं, बारमाही झालं. गावाने त्याचं कौतुक केलं, त्यात गावाची चूक नव्हती. दिवाळीच्या सुमारास मीठ संपून अळणी आमटी खायची वेळ ज्यांच्यावर आली होती, त्यांनाच ते सुख कळणार. व्यापाऱ्याने फक्त एक अट घातली. तांड्याचं मीठ घेणाऱ्या घराला त्याच्या दुकानाचं मीठ पुन्हा मिळणार नाही. त्याच्या बैलगाडीवर चिरेवणपर्यंत गोणी आणायला माणूस लागला, तो ठेवला ठकूबाईचा मुलगा भिवा. त्याला नुकतं मूल झालं होतं.

त्या वर्षी कार्तिकात घंटा वाजल्या. ठकूबाई चुलीपुढे होती. हात पुसून तिने फळीवरची पायली काढली.

भिवा दारात उभा होता. तो म्हणाला, "आये, पायली ठिव."

"पहिलं माप आपलं हाय, भिवा. माझ्याबिगर तिथं गोन उघडायची न्हाई."

"म्हनूनच सांगतोय. तू गेलीस की समदं गाव तुझ्या मागनं उतरंल. उद्याला मालक माझी गाडी काढून घेईल. मग लेकराला काय घालू? मीठ?"

कोपऱ्यातल्या मडक्यात ठेसनाचं मीठ होतं, पांढरं, बारीक, खड्याचा कचरा नसलेलं. सुनेच्या मांडीवर नातू होता. ठकूबाईने पायली परत फळीवर ठेवली. तिच्या मनाने एक वाट काढली होती. आपण गेलो नाही तर नाईकदादा समजून घेईल, एक-दोन दिवस बघेल आणि पुढच्या गावाला निघून जाईल. तिथे कुणी ना कुणी घेईलच. ज्या दंडकावर तिचा मान उभा होता, तोच दंडक त्याचे पाय बांधून ठेवील, हे तिला सुचलंच नाही. किंवा सुचलं असेल आणि तिने ते बाजूला सारलं असेल. गावात दोन्ही सांगतात.

दुसऱ्या दिवशी घंटा वाजल्या, सकाळी आणि सांजेला. तिसऱ्या दिवशीही वाजल्या. गावातल्या बाया पाणवठ्याला जायच्या त्या वरच्या झऱ्यावर, तळ्याकडची वाट टाळून. कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हतं. घंटा सुरू झाल्या की घराघरांतून जात्यांची घरघर वाढायची, दळायला काही नसलं तरी. शरमेची गोष्ट आहे, पण गाव ती लपवत नाही.

पाचव्या दिवशी अवकाळी पाऊस पडला. गोण्यांची भिंत भिजली आणि खालच्या थरातून पाणी पाझरू लागलं. गुराख्यांनी येऊन सांगितलं की तळ्याकाठचं गवत संपलं, बैलांच्या बरगड्या मोजता येतात. तांड्याच्या बाया कंदमुळं उकरताना दिसल्या. हजार घरांना पुरेल एवढं मीठ उशाशी आणि चुलीवर ठेवायला मूठभर दाणे नाहीत. तरी एकही माणूस गावात मागायला आला नाही. ठकूबाई भाकरीत मीठ घालायची विसरू लागली आणि घरातलं कुणी तिला त्याबद्दल विचारेना.

आठव्या दिवशी घंटा एकदाच वाजल्या, तीही तुटक.

नवव्या दिवशी सकाळी वाजल्याच नाहीत. ठकूबाईने दोन भाकऱ्या होईपर्यंत वाट पाहिली. मग ती उठली, कणगीत हात घालून पायली भरली, वर शीग लावली आणि निघाली. भिवा अंगणात गाडीला वंगण देत होता. तो आडवा आला नाही. तो खाली मान घालून एवढंच म्हणाला, "जा आये." त्याला इतक्या दिवसांत काय वाटलं असेल, ते कुणी सांगत नाही.

ती तळ्यावर पोचली तेव्हा काठ मोकळा होता. चुली विझलेल्या. गोण्या फाडून पसरलेल्या, सगळ्या रिकाम्या. तळ्याचं पाणी दुधासारखं गढूळ दिसत होतं आणि काठाच्या दगडांवर पांढरे थर वाळत होते. पुढचा बैल आडवा पडला होता, आरसे शिंगांना तसेच. त्याच्या शेजारी थावरा नायक बसला होता. घाटाच्या तोंडाशी त्याची सून पाठीला मूल बांधून उभी होती. बाकीचा तांडा खाली उतरून गेला होता.

ठकूबाईने पायली त्याच्यापुढे ठेवली.

"नाईकदादा, उशीर झाला मला."

"व्हय बहिणी," थावरा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला सोसवेना. "ठेसनाचं मीठ आम्हालाबी ठावं होतं. मला वाटलं, तू तरी येशील. मानापुरतं एक माप घेशील, मग मी पुढं जाईन."

"मीठ पान्यात का टाकलंस रं?"

"वर आनलेलं मीठ खाली न्यायचं नसतं. आन् तुझं माप पडल्याबिगर पुढं न्यायचं नसतं. मग टाकू कुठं?"

त्याने सुनेला हाक मारली. तिच्या ओटीत ती नाचणी ओतली. मूल दाणे बघून रडू लागलं, तशी सून तोंड वळवून उभी राहिली. थावराने रिकामी पायली हातात घेतली. धान्य घेतलं होतं, म्हणजे माप देणं त्याला भाग होतं. रिकाम्या हाताने माप परत करणं त्याच्या रक्तात नव्हतं. तो तळ्यात उतरला, पायली बुडवून काठोकाठ पाण्याने भरली आणि तिच्या हातात दिली.

"घे बहिणी. मापाला माप."

ती पायली घेऊन ठकूबाई चढणीने घरापर्यंत चालत आली. थेंब सांडू दिला नाही म्हणे. घरी आल्यावर तिने मडक्यातलं ठेसनाचं मीठ सुनेच्या हवाली केलं आणि स्वतःच्या भाकरीपुरतं त्या पायलीतलं पाणी वापरत राहिली. ते संपल्यावर मरेपर्यंत ती अळणी जेवली. कुणी आग्रह केला तर म्हणायची, "माझं मीठ तळ्यात हाय."

थावराला पुन्हा कुणी पाहिलं नाही. त्याच्या तांड्यातली माणसं पुढे रुळांखाली खडी टाकताना दिसली, असं भिवानेच येऊन सांगितलं. बैल कुणी कुणी विकत नेले.

आणि गावाचं काय झालं? दोन वर्षांत घाटवाट करवंदीने बुजली. पुढे नाचणी न्यायला कुणी येईना. मीठ आणायचे तेच धान्य न्यायचे, हे गावाला कणग्या भरून किडे पडल्यावर कळलं. ठेसनावर गहू, तांदूळ डब्यांनी येत होते, तिथे चिरेवणच्या काळ्या नाचणीकडे कोण बघणार? तांडे संपल्यावर व्यापाऱ्याने मिठाचा भाव वाढवला, आणि दुसरीकडे जायला वाट उरली नव्हती. मग एकेक तरुण माणूस त्याच आगीनगाडीत बसून गिरण्यांकडे गेला. भिवाचा नातूही गेला.

आजही, ठकूबाई तळ्यावर गेली त्या कार्तिकातल्या दिवशी, चिरेवणात कुणाच्या घरी जेवणात मीठ पडत नाही. ठकूबाईच्या घरातली सगळ्यात वडील बाई शीग लावलेली पायली घेऊन तळ्यावर येते, या दगडावर बसते आणि सूर्य डोक्यावर येईपर्यंत खालच्या वाटेकडे कान लावते. मग नाचणी काठावर ओतते, पायलीत तळ्याचं पाणी भरते आणि न बोलता घरी जाते. आधी सगळं गाव मागे उभं राहायचं. आता अकरा घरं उघडी आहेत. पायली आणते ती हौसाबाई, वय ऐंशीच्या पुढे. सुना शहरात आहेत, त्यांना हे वेड वाटतं, आणि त्यांना दोष तरी कसा द्यावा?

मागच्या कार्तिकात सूर्य माथ्यावर आला, कलला, तरी हौसाबाई उठेना. कुणीतरी म्हणालं, "म्हातारे, चल, झाली येळ."

ती म्हणाली, "थांब जरा. तो नऊ दिस थांबला होता."