मागे मगर आहे

"मग पोरांना गप्प बसवायचं काम कुणाचं आहे, बाई?"

तन्मय रेगेने पुन्हा विचारलं.

मध्यंतर चालू होतं. रंगपटात घामाचा आणि वड्यांचा वास कोंडला होता. वत्सलाबाई मणेरीकर खुर्चीत बसून मगरीची उसवलेली शेपटी शिवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

सावंतवाडीची त्यांची नृत्यसंस्था. मुलाबाळांसह बघता यावा म्हणून बसवलेला साहसी बॅले. आजारी बहिणीसाठी औषधाची मुळी आणायला एक नावाडी बेटावर जातो, एवढीच गोष्ट. नावाडी म्हणजे तन्मय. बाईंच्या हाताखाली वाढलेला, मग परदेशात शिकून आलेला, आणि ते कुणाला विसरू न देणारा.

त्याची तक्रार साधी होती. नावाडी मुळी शोधत असतो, मागून मगर येते. त्याने वळायचं ते मृदंगाच्या समेवर. पण मगर दिसली की सगळं नाट्यगृह किंचाळतं. मृदंग ऐकूच येत नाही. आज पहिल्या अंकात सम चुकली, आणि दुसऱ्या अंकात मगर पुन्हा येणार होती. आणि नेमके आजच पुण्याच्या महोत्सवासाठी निवड करणारे पाहुणे पहिल्या रांगेत बसले होते.

तेव्हा घोषणा करा, पालकांनी मुलं आवरावीत. नाहीतर दुसऱ्या अंकात मी उतरत नाही.

बदली नर्तक नव्हता. हे त्याला माहीत होतं, बाईंनाही.

पडद्यापुढे कुणा नगरसेवकाचा सत्कार चालला होता. पोरं मगरीची वाट बघत होती आणि यांचे हारतुरे संपत नव्हते. माईकवरच्या त्या माणसाला गप्प बसवा, असं मात्र तन्मय म्हणाला नाही.

"काय ओरडतात?" बाईंनी विचारलं.

"ऐकलंत ना तुम्ही. मागे बघ, मागे मगर आहे."

"तुला माहीत नव्हतं?"

"काय?"

"मगर आहे ते."

"मगरीत आपला गजा आहे, बाई. त्याचे गुडघे विंगेपासून कटकट वाजतात. माहीत कसं नसेल?"

बाईंनी दोरा दातांनी तोडला.

तो अधिकच भडकला. येरझाऱ्या घालू लागला. कोपऱ्यात नटराजापुढे निरांजन होतं, प्रयोग संपेपर्यंत ते विझू द्यायचं नाही असा संस्थेचा शिरस्ता. तिकडे पाठ करून तो उभा राहिला आणि परदेशातले प्रेक्षक कसे खोकतसुद्धा नाहीत, ते सांगू लागला. बोलताना कमरेच्या शेल्याचं टोक ज्योतीवर हेलकावत होतं.

"तन्मय, मागे बघ," बाई म्हणाल्या.

"चेष्टा नको, बाई."

"अरे, मागे बघ."

"तुम्हीसुद्धा? पोरांनी केलं तेवढं पुरे नाही झालं?"

"तन्या..."

त्याने हात वर केला. अडाण्याला थांबवावं तसा. डोळे मिटले.

करपल्याचा वास आला.

बाई उठल्या. त्यांना सहसा हात धरून उठवावं लागतं. पेटलेलं टोक त्यांनी मुठीत धरलं आणि चुरगाळलं. मूठ उघडली तेव्हा तळवा काळा होता, मधे लाल.

तन्मय पांढरा पडला.

"बाई, सांगितलं का नाही तुम्ही..."

वाक्य त्याच्याच कानांवर पडलं. तो थांबला.

घंटा झाली. गजा आत आला आणि शेपटी बांधून गेला. घोषणा करणाऱ्याने दारातून डोकावून विचारलं, काय सांगू लोकांना? बाईंनी तन्मयकडे पाहिलं. तो म्हणाला, काही नको.

करपलेलं टोक त्याने कमरेत खोचलं. बाईंच्या पाया पडला. दारापर्यंत गेला आणि परत फिरला.

"पण बाई, पुन्हा सम गेली तर? पुण्याचे पाहुणे..."

"ते ओरडत होते का?"

"नाही."

बाई तळव्यावर फुंकर घालत होत्या. बाहेर दिवे मालवले. पोरांचा गलबला एकदम बसला.

"मग वळू कधी?"

"पोरांचं ऐकू आलं की."