सगळ्यांचा प्रिंटर

एका गावात एक भोळा गडी होता. नाव म्हाळू खरमाटे. भोळा म्हणायचं ते त्याच्या बायकोच्या तोंडाकडं बघून, नाहीतर त्याच्यासाठी दुसरा शब्द गावात सगळ्यांना पाठ होता. दिवा बघ म्हटलं तर हा तासभर दिव्याकडं बघत बसणार.

गावात दूध संघाचं ऑफिस होतं. संघाचे अध्यक्ष अप्पा म्हणजे म्हाळूच्या बायकोचे सख्खे मामा. आता पुढचं सांगायला नकोच. तालुक्याला बारा दिवस कम्प्युटर शिकून आलेला म्हाळू तीन महिन्यांच्या बोलीवर संघात चिकटला. ऑफिसात पाच टेबलं, पाच कम्प्युटर. नवा प्रिंटर मात्र एकच. तो सगळ्यांना जोडून द्यायचा आणि सांभाळायचा, एवढंच काम.

प्रिंटर आला त्या सोमवारी बायको हौसा म्हणाली, "शनिवारी बोली संपतेय. कायम झाल्याचा कागद हातात घेऊनच घरी या. नाहीतर मी चालले माहेरी."

"किती दिवस?"

"कायमची."

म्हाळू घाबरला. चहा न पिताच ऑफिसात गेला.

मॅनेजर दिवटे साहेब म्हणाले, "खरमाटे, हा प्रिंटर एकट्याचा नाही, सगळ्यांचा आहे. पाचही टेबलांना सारखा मिळाला पाहिजे."

म्हाळूनं दुधाचे कॅन वाहायचा गाडा आणला. प्रिंटर गाड्यावर चढवला. प्रत्येक टेबलाला अर्धा अर्धा तास. टायपिस्ट इंदुबाईंचं पान निम्मं बाहेर आलं आणि यानं वायर उपटली.

"अहो, अर्धं पान राहिलं!"

"तुमचा अर्धा तास संपला, बाई. उरलेलं पान उद्या."

दिवटे धावत आले. "अरे शहाण्या, प्रिंटर कोपऱ्यात राहतो! आपण खुर्चीवरून उठायचंसुद्धा नाही. सांगायचं ते बसल्या जागी टाइप करायचं, बटण दाबायचं. तिकडं छापून निघतं, काम होतं!"

"बरं. ध्यानात ठेवलं," म्हाळू म्हणाला आणि संध्याकाळपर्यंत पाचही टेबलांना तारा नीट जोडून दिल्या. तारा जोडण्यात त्याचा हात चांगला होता. खोटं कशाला बोला?

मंगळवारी जनावरांच्या डॉक्टरांकडं तपासायला आणलेली एक म्हैस सुटली आणि थेट ऑफिसात शिरली. इंदुबाई टेबलावर चढल्या. "खरमाटे, हिला बाहेर काढा!"

म्हाळू खुर्चीवरून उठला नाही. त्यानं टाइप केलं, 'म्हशीस कळविण्यात येते की, तिने ताबडतोब ऑफिसबाहेर जावे.' बटण दाबलं. प्रिंटरमधून कागद निघाला. म्हैस तिथंच उभी होती. तिनं कागद खाल्ला.

म्हाळूनं 'दुसरी सूचना' काढली. म्हशीनं तीही खाल्ली. मग 'तिसरी व अंतिम सूचना.' ती जरा जाड कागदावर काढली होती, ती म्हशीला जास्त आवडली.

दिवटे आले तेव्हा चाळीस सूचना पोटात गेल्या होत्या.

"साहेब, म्हैस ऐकत नाही."

"गाढवा, म्हशीला कागद दाखवतोस? दाव्यानं बांधायचं, चार माणसं बोलवायची आणि हिसका देऊन ओढून काढायचं!"

"बरं. ध्यानात ठेवलं."

बुधवारी प्रिंटरमध्ये कागद अडकला. निम्मा आत, निम्मा बाहेर. म्हाळूनं झाकण उघडलं, कागद ज्या रुळांत अडकला होता त्या रुळांनाच दावं बांधलं आणि अंगणातले चार गवळी बोलावले.

"ओढा रे!"

गवळी ते. त्यांना ओढायला काय सांगायचं? कागद निघाला. रूळही निघाले, चाकं निघाली, आतडं निघावं तशा तारा निघाल्या. शेवटचा गवळी दारात आडवा पडला.

"निघाला!" म्हाळू नाचायला लागला. "साहेब, अख्खा निघाला, फाटलासुद्धा नाही!"

अप्पांनी कपाळावर हात मारला आणि दुसरा प्रिंटर मागवला. भाचीसाठी माणूस काय काय करतो! दिवट्यांनी म्हाळूला समोर उभं केलं.

"ऐक. अडकलं की ओढायचं नाही. बटण बंद करायचं. दहा मिनिटं अगदी गप्प बसायचं. मग चालू करायचं. आपोआप सुटतं."

"बरं. ध्यानात ठेवलं."

शुक्रवारी दिवटे साहेब संडासात गेले आणि आतली कडी अडकली. "खरमाटे! मी अडकलोय!"

म्हाळू धावला. दिव्याचं बटण बाहेरच होतं. त्यानं ते बंद केलं.

"अरे, दिवा कुणी घालवला?"

म्हाळू गप्प.

"खरमाटे! अंगावर पाल पडली रे!"

म्हाळू घड्याळाकडं बघत गप्प. दहा मिनिटं पुरी झाली तसं त्यानं बटण दाबलं आणि प्रेमानं विचारलं, "साहेब, सुटला का?"

शेवटी गवळ्यांनी दार फोडलं. दिवटे बाहेर आले ते पाल झटकतच. "आत माणूस होता, माणूस! नाव घेऊन तीन हाका मारायच्या. तिसऱ्या हाकेलाही आला नाही, तर हयगय नाही, सरळ फोडून टाकायचं!"

"बरं. ध्यानात ठेवलं."

शनिवार उजाडला. म्हाळू निघाला तेव्हा हौसानं ट्रंक दारात आणून ठेवली होती.

ऑफिसात नवा गोंधळ. पाच टेबलांचे कागद एकाच प्रिंटरमधून निघत होते. जो उठेल तो दुसऱ्याचाच उचलून नेत होता. इंदुबाई म्हणाल्या, "खरमाटे, तुम्ही प्रिंटरपाशीच उभे राहा. कागदावरचं नाव वाचून हाक मारा. तो माणूस येईल, त्याच्याच हातात द्या."

म्हाळू उभा राहिला. हाक मारली की माणूस यायचा, कागद न्यायचा. गडबड नाही, भांडण नाही. दुपारी अप्पा आले आणि बघतच राहिले.

"दिवटे, लागला की हो गडी कामाला! काढा त्याचा कायमचा कागद. पण सांगून ठेवतो, यापुढं एक घोटाळा झाला तर भाचीच्या तोंडाकडंही बघणार नाही. घरी धाडीन."

दिवट्यांनी दात खाऊन कागद टाइप केला. प्रिंटर घुरघुरला. म्हाळूनं वाचलं, 'श्री. म्हाळू खरमाटे यांना कायम करण्यात येत आहे.' त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. खिशाकडं हात गेला. पण थांबला. येईल त्याच्याच हातात द्यायचा.

त्यानं आपल्या खुर्चीकडं बघून हाक मारली, "खरमाटे!"

खुर्ची रिकामी.

"ओ खरमाटे!"

इंदुबाई ओरडल्या, "अहो, तुम्हीच की ते!"

"ते ठाऊक आहे, बाई. पण मी तर इथंच आहे. इथं असलेला माणूस इथं येणार कसा?"

"मग तिकडं जा आणि या!"

"इथंच उभं राहायला तुम्हीच सांगितलंय."

मग त्यानं छाती भरून तिसरी हाक मारली. रस्त्यावरची माणसं थांबली. खुर्चीवरून कुणी उठलं नाही. आता हयगय नव्हती. कागद फोडता येत नाही, म्हणून त्यानं तो फाडला. आडवा, मग उभा, मग बारीक बारीक.

आवाज ऐकून अप्पा आतल्या खोलीतून बाहेर आले. "काय रे, मिळाला का कागद?"

म्हाळूनं तुकडे त्यांच्या ओंजळीत ठेवले आणि कानाशी लागून म्हणाला, "अप्पा, माझं ऐका. या खरमाट्याला काही कायम करू नका. पहिल्याच दिवशी गैरहजर आहे."