तीस पिंपळपानांचा कामठा

एकदा काय झालं, एका भुंड्या डोंगरावर गुणाजी नावाचा म्हातारा राहायचा. एकटाच. इतका एकटा, की सकाळी उठून गाडग्याला विचारायचा, "काय गाडगेराव, झोप लागली का?" आणि गाडग्याच्या वतीनं आपणच "हं" म्हणायचा. हसू नका! तुम्ही उशीशी बोलता ते ऐकलंय सगळ्यांनी.

गुणाजी तिरकामठे करायचा. बांबूच्या कामट्या तासायच्या, एकीवर एक सरसानं चिकटवायच्या, दोरीनं करकचून आवळायच्या आणि सात दिवस उन्हात वाळवायच्या. चाळीस वर्षं एकच माप, चार हात.

एक दिवस दारात आला झिपऱ्या राक्षस. ताडाएवढा, आणि रडतोय मुसुमुसु! नाक पुसायला त्याला घोंगडी लागली, बरं का.

"बाबा," तो म्हणाला, "दरीपलीकडं माझी आक्का एकटी आहे. पूल तुटला. बाणाला सुतळी बांधून पलीकडं टाकली, की तिच्यामागून दोर ओढून घेईल ती. पण माझा हात लांब. कुठलाही कामठा ओढला की कटकन मोडतो!"

मग गुणाजीनं नऊ हात लांब कामठा केला. कामट्या मात्र नेहमीच्याच जाडीच्या. सात दिवस वाळेपर्यंत झिपऱ्या अंगणात राहिला. गुणाजीनं टोपलीभर भाकऱ्या थापल्या. बऱ्याच वर्षांनी गाडग्याला सुट्टी मिळाली.

मग झिपऱ्यानं कामठा ओढला. कसला ओढतोय! नुसता लोळागोळा. बाण फुस्सकन त्याच्याच अंगठ्यावर पडला.

"नरम झाला होय? थांब लेका!" म्हणत गुणाजीनं दुप्पट जाड कामट्या घातल्या. परत सात दिवस. परत भाकऱ्या, गप्पा. मग झिपऱ्यानं जोर लावला. कामठा ढिम्म! धोतर मात्र टर्रकन फाटलं. हां, आता हसा.

झिपऱ्या मुकाट्यानं दरीच्या कडेला जाऊन बसला. पलीकडं आक्काच्या चुलीचा धूर दिसत होता. एवढासा.

तेव्हा गुणाजीला बापाचं माप आठवलं. कामठा चार बोटं लांब झाला, की जाडी एका पिंपळपानानं वाढवायची. पाच हात जास्त, म्हणजे एकशेवीस बोटं, म्हणजे तीस पानं! तीस पानं त्यानं तोडून आणली. पण मग मनात आलं, कामठा जमला की हा जाणार. मग पुन्हा आपण आणि गाडगं. दहा पानं कमी धरली तर? कामठा बिघडेल, आणखी सात दिवस सोबत मिळेल.

गुणाजीनं हळूच दहा पानं मांडीखाली सारली.

झिपऱ्या समोर बसून पानं मोजायला लागला. हातापायांची वीस बोटं झाली. "बाबा, माझी बोटं संपली," तो म्हणाला. "पुढचं तूच मोज. तू काय चुकायचा नाहीस."

गुणाजीनं मांडीखालून एकेक पान काढलं. दहाच्या दहा. जुन्या जाडीवर तीस पानांची चळत ठेवली आणि बरोबर तेवढ्या जाडीच्या कामट्या रचल्या.

सात दिवसांनी झिपऱ्यानं कामठा ओढला. छान वाकला! सण्ण करून बाण दरीपार. मग सुतळी गेली, सुतळीमागून दोर गेला, आणि दोराला लोंबकळत झिपऱ्याही गेला.

अंगण मोकळं झालं. गुणाजीनं एकच भाकरी थापली. "काय गाडगेराव," म्हणायला तोंड उघडलं, तोच जमीन हादरली.

दोरावरून झिपऱ्या परत येत होता. मागून आक्का! याच्याहूनही उंच, डोक्यावर कढई.

"बाबा, जेवण घेऊन आलेय," आक्का म्हणाली. "आणि मलाही कामठा पाहिजे. मी याच्याहून वीतभर उंच आहे, बघा बाई!"

गुणाजी हसत हसत उठला आणि पिंपळाची पानं आणायला निघाला.

मग ते तिघं सुखानं राहिले. गाडग्यात आता आक्का दही लावते. चला, पाय पांघरुणात घ्या. ज्याचा बाहेर राहील, त्याच्या अंगठ्यावर बाण पडेल. फुस्स!