पंचफुलाबाईंचा कोरा फोन

“…निदान एवढं तरी सांगा, भन्तेजी. माझ्याबद्दल काही बोलली का ती?”

 भन्ते शीलरत्नांसमोर अश्वजित बसला होता, आईचा फोन मांडीवर घेऊन. पंचफुलाबाईंना जाऊन आठवडाही उलटला नव्हता.

आमच्या पवनीच्या विहारात झाडलोट आणि चहापाणी मी बघते, म्हणून हे माझ्यासमोर झालं. पंचफुला माझी मैत्रीण. अश्वजित तिचा एकुलता एक, पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत. पोरगा हुशार, पण ताठाही तेवढाच. गावी आला की ज्याच्या त्याच्या फोनमध्ये डोकं घालायचा. हे ॲप तुमचं ऐकतं, ते तुमचा ठावठिकाणा विकतं, काढा म्हणायचा. मग त्या जागी दुसरी ॲप्स घालून द्यायचा, ज्यांची आतली घडण कुणालाही उघडून तपासता येते अशी. माझा तर कीबोर्डसुद्धा बदलला. तू टाइप करतेस ते कंपनीला कळतं, मावशी, म्हणाला. मी म्हटलं, कळू दे की, वरणात मीठ जास्त पडलं एवढंच कळेल. तो हसला नाही.

आईच्या फोनचं तर त्याने सगळंच पालटलं. तेव्हा घशाच्या ऑपरेशनने तिचा आवाज गेला होता. बोलायचं ते लिहूनच. संध्याकाळी ओट्यावर बसून ती भन्तेजींना लिहायची. लिहिता लिहिता रडायची. काय लिहितेस गं, असं मी एकदा विचारलं, तर तिने फोन पदराखाली घेतला. मला फार लागलं ते.

ती गेल्यावर अश्वजितने फोन उघडला. वर भन्तेजींचं नाव, खाली काही नाही. निरोप दिवसभरात आपोआप पुसले जावेत, ही सोय त्यानेच लावून दिली होती. जे ठेवलंच नाही ते चोरीला कसं जाईल, असं तो आम्हाला मोठ्या तोऱ्यात ऐकवायचा.

आता तोच पोरगा खाली मान घालून सांगत होता, की दर रविवारी तो तिला बरी आहेस का विचारायचा आणि ती ‘बरी आहे’ एवढंच लिहायची. त्याने तेच खरं धरलं. पुढच्या महिन्यात येतो, पुढच्या महिन्यात येतो, असं करत राहिला. ती आपल्यावर रागावून गेली की कसं, ते कळल्याशिवाय त्याच्या जिवाला चैन पडणार नव्हतं.

“तुमच्या फोनमध्ये तरी असेल,” तो म्हणाला.

भन्तेजींनी चीवराच्या घडीतून आपला फोन काढला आणि त्याच्या हातात दिला. अश्वजितने बोट फिरवून पाहिलं. पुन्हा पाहिलं…

तिथेही कोरंच होतं; त्याने लावलेली सोय दोन्हीकडचं पुसत होती.

“पण तुम्ही वाचलंय ना. तुम्हाला आठवत असेल.”

“सगळं आठवतं.”

“मग सांगा. मी काय परका आहे? तिच्या पोटचा आहे मी.”

भन्तेजींनी फोन परत घेऊन घडीत ठेवला. मी आणलेला चहा तसाच गार झाला. सांगून टाका एकदाचं, पोराचे हाल बघवत नाहीत, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण भन्तेजींचे डोळे भरलेले दिसले आणि मला बोलवेना.

“त्या फोनमध्ये तू निरोप पाठवायचं हे ॲप टाकलंस,” शेवटी ते म्हणाले, “आणि दुसऱ्या दिवशी तुझी आई इथे आली. माझ्यासमोर बसून तिने लिहिलं… मुलगा म्हणतो, मी लिहिलेलं त्याच्यासुद्धा हाती लागणार नाही. खरं आहे का हे?”

अश्वजितने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.  मग हातांआडूनच विचारलं,

“तुम्ही काय सांगितलंत?”

“मी म्हणालो, पंचफुलाबाई… तुमचा मुलगा खोटं बोलत नाही.”