गाडीच्या हातावरचं दही

आटपाट माळ होता. वर काळा खडक, खाली तांबडी माती, मधे एक पीर आणि पिराशेजारी हिवराच्या झाडाखाली मदारशा फकिराचं खोपटं. माळाच्या उताराला एक घर होतं. त्या घरात सारजाबाई नावाची आई होती, कलावती नावाची लेक होती आणि जालिंदर नावाचा मुलगा होता. मुलगा शिकला, मोठा साहेब झाला आणि त्याने मंगळावर गाडी धाडली. गाडी तिथं पोचली त्याच दिवशी आई गेली.

गोष्ट त्याच्या पुढची आहे.

“मग? घावला का जीव?” फकिराने विचारलं.

“घावला, बाबा.” जालिंदर नुकताच मोटारीतून उतरला होता. त्याने पुडा सोडून पेढा पुढे केला. “तोंड गोड करा. परवा दिल्लीत साऱ्या जगापुढे सांगणार आहे. म्हटलं, आधी तुमच्या कानावर घालावं. लहानपणी तारे तुम्हीच दाखवलेत. गुरू केलं होतं मी तुम्हाला.”

“केलं होतंस खरं.”

फकिराने पेढा घेतला. तोंडात घातला नाही. तळहातावर तसाच धरून बसला.

“विश्वास नाही बसत, बाबा?”

“बसतो की. मी बघितलीय तुझी गाडी.”

बघितलीच होती त्याने. मंगळ म्हणे असाच, तांबडा आणि खडकाळ. म्हणून धाडायच्या आधी गाडीची जुळी बहीण या माळावर आणून चालवली होती. सहा चाकं, एक लांब हात, आत माणूस नाही. हाताने माती उकरायची, पोटातल्या चुलीवर तापवायची आणि वाफ हुंगून सांगायचं, इथं कधी काही जगलं होतं का. एवढंच तिचं काम.

“माझ्यापुढनं किती खेपा घातल्या तिनं,” फकीर म्हणाला. “दगड हुंगला, ढेकूळ हुंगलं. मला काही हुंगलं न्हाई.”

जालिंदर हसला. “जिता माणूस हुडकायला तिला शिकवलंच नव्हतं, बाबा.”

“ते कळलं मला.”

…

“सारजाला सांगितलंस?”

जालिंदरचं हसू तिथंच राहिलं. “बाबा, आई जाऊन वर्ष होत आलं.”

“मला सांगतोस? लाकडं मी वाहिली. अग्नी कलानं दिला.”

“गाडी उतरत होती तेव्हा. त्या घटकेला मी जागा सोडली असती तर… सगळ्या देशाचे डोळे लागले होते, बाबा.”

“सारजाचे पण लागले होते. दाराकडं.”

वाऱ्याने पिरावरची हिरवी चादर उचलली आणि परत खाली टाकली. कुठं पाखरू नाही, कुठं गवताची काडी नाही. असा तो माळ.

“बोट कशाला पुसतोस सारखं?” फकिराने विचारलं.

खरंच की! आल्यापासून जालिंदर उजव्या हाताचं बोट पँटीला पुसत होता. त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. त्याने बोटाकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

“काय लागलंय त्याला?”

“काही नाही.”

“मग पुसतोस काय?”

…

माणूस जगाला फसवतो, बायकापोरांना फसवतो, पण ज्याच्या मांडीवर बसून तारे मोजले त्याच्यापुढे त्याला बोट लपवता येत नाही.

“बाबा,” जालिंदर म्हणाला, “तिथं जीव नाही.”

फकीर जवळ सरकला.

“तिथं आईचं दही आहे.”

आता हे दही तिकडं गेलं कसं, ते ऐका. घरातनं कुणी लांबच्या वाटेला निघालं की आपण त्याच्या तळहातावर दही घालतो. का? तर गेलेलं माणूस सुखरूप माघारी यावं म्हणून. जालिंदरने आधी एक गाडी धाडली होती. ती उतरता उतरता आपटली आणि तिच्या ठिकऱ्या झाल्या. त्याने अन्नपाणी सोडलं. तेव्हा सारजाबाई म्हणाली, “अरे, तिच्या हातावर कुणी दही घातलं होतं का?” तो हसला. दुसरी गाडी निघायच्या वेळी तो घरी येऊन गेला. आईने त्याच्या तळहातावर दही घातलं आणि वर कुंकवाच्या रिकाम्या डबीत थोडं बांधून दिलं.

तिकडं गाडीचं सोवळं असं, की देवघरातल्या म्हातारीने लाजावं. पांढरे कपडे, तोंडाला फडकं, हातात मोजे. गाडी भट्टीत तापवायची, पुसायची, परत पुसायची. इथला एक जंतू तिकडं जाता कामा नये, कारण तो गेला तर तिथला कोण नि इथला कोण, हे कळायचं कसं? हे सोवळं जालिंदरनेच घालून दिलेलं. कुणी नुसतं शिंकलं तर तो त्याला बाहेर काढायचा.

पण गाडी ज्या पेटीत बंद होऊन जायची, तिचं झाकण लागायच्या आधी त्याला पहिली गाडी आठवली. मोठ्या साहेबाचा खिसा कोण तपासतो? त्याने मोजा काढला, डबी उघडली आणि मोहरीएवढं दही गाडीच्या हाताला लावलं. सांध्यात, दिसणार नाही असं.

“गाडीनं माती उकरली,” जालिंदर सांगत होता. “सांध्यातलं वाळलेलं काहीतरी मातीत सांडलं. चुलीवर चढलं. वास आला. सगळे नाचायला लागले, बाबा. माणसं रडली. आणि मी आकडे बघितले… स्निग्ध होतं काही. दुधाच्या जातीचं. त्यांना वाटलं मातीतलं. मला कळलं कुणाच्या हातचं.”

“जितं आहे का ते तिथं?”

“कसलं जितं! तिथली थंडी खडक फोडते. ऊन विषारी. मेलं ते. मेल्याचा माग तेवढा उरला.”

फकिराने मान हलवली.

“म्हणजे सारजा दोन ठिकाणी मेली. आणि तू एकाही ठिकाणी नव्हतास.”

…

…

सावल्या लांबल्या. जालिंदर कधीचा गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. मग डोकं वर न करता बोलला.

“सांगू का नको, बाबा? तेवढं सांगा. मी त्याच्यासाठीच आलोय. पेढे उगाच आणले.”

“ते दिसलं.”

“सांगितलं तर मी संपलो. मी संपलो तर संपलो, पण माझ्या हाताखालची माणसं? त्यांची उभी उमर गेलीय यात. लोक म्हणतील, एका अडाणी बाईच्या दह्यापायी सगळं नासलं. आई गेली तरी तिचं नाव जगभर हसण्यावारी जाईल. आणि नाही सांगितलं…”

“तर?”

“तर कुणाला कळायचं नाही. कधीच नाही. पोरं शाळेत शिकतील, मंगळावर जीव होता. त्याच जागी आणखी गाड्या जातील, उद्या माणसं जातील हुडकायला. मरतीलसुद्धा. काहीच नसलेल्या जागी.”

फकीर उठला. हो म्हणाला नाही, नको म्हणाला नाही. पेढा त्याने मुंग्यांच्या वारुळाशी ठेवला आणि वाकून खोपटात गेला. बाहेर आला तो एक काळं गाडगं घेऊन.

“हात कर.”

जालिंदरने डावा हात पुढे केला.

“उजवा. पुसतोस तोच.”

त्याने उजवा केला. फकिराने त्याच्या तळहातावर दही घातलं.

जालिंदरने जिभेला लावलं मात्र… आधी आंबट, मग गाडग्याचा धुरकट वास, मग अगदी मागून जराशी गोडी. त्याने वर पाहिलं.

“ओळख की,” फकीर म्हणाला. “तुझ्या गाडीला तिकडं लांब ओळखता आलं. तुला येईल.”

“आईचं…”

“तिचंच विरजण. दर गुरुवारी गाडगं आणून ठेवायची. शेवटचं गाडगं माझ्याकडंच राहिलं. तेव्हापासनं रोज घोटभर दूध मागतो आणि यातलं थोडं त्यात सोडतो. एक खाडा झाला की संपलं.”

“रोज? या वयात? माळ उतरून?”

“फकिराला मागायची लाज न्हाई, जालू. ती तुमच्याकडं असती.”

जालिंदरने तळहात चाटून पुसला, लहान पोर चाटतं तसा. मग खिशातून फोन काढला आणि तिथंच, पिराच्या पायरीवर बसून बोलला.

“परवाचं थांबवा… नाही, पुढं ढकलू नका, थांबवा. तिथं काही सापडलेलं नाही. जे सापडलं ते माझ्या हाताचं आहे.”

पलीकडून त्याच्या हाताखालची एक बाई बोलली, घोगऱ्या आवाजात. “साहेब, तुम्ही काय बोलताय ते कळतंय ना तुम्हाला?”

“कळतंय. उद्या येतो. चौकशी लावा. मी सगळं सांगतो.”

“आमचं काय, साहेब?” बाई म्हणाली.

फोन बंद झाला.

फकिराने गाडगं त्याच्या हातात दिलं आणि तोंड फिरवून दिवा लावायला गेला.

उताराच्या घरी कलावती दारातच उभी होती. वरून मोटार उतरताना दिसली होती तिला. आई गेल्यापासून ती भावाशी एक शब्द बोलली नव्हती.

“आलास?” ती म्हणाली. “आता कुणाला पोचवायला? मी अजून धडधाकट आहे.”

त्याने गाडगं उंबऱ्यावर ठेवलं.

आता कलावतीच्या घरातलं सांगते. आई गेली, सुतक आलं. सुतकात दुधाला कुणी हात लावला नाही, विरजण गेलं. सुतक फिटल्यावर शेजारणी वाट्या घेऊन आल्या, पण तिने दुसरीचं विरजण घरात घेतलं नाही. दूध तापायचं, तसंच प्यायलं जायचं. शिंकं रिकामं लोंबत होतं.

तिने बोट बुडवलं. जिभेला लावलं.

“कुठं होतं हे?”

“मदारबाबाकडं.”

“मेला थेरडा,” ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसायला लागली. “मला सांगितलं नाही. रोज माझ्याच दारात दूध मागायला यायचा. मी वर तोंड करून विचारायची, फकिराला एवढा दुधाचा सोस कशाला!”

मग जालिंदरने तिला सगळं सांगितलं. डबी, मोजा, सांधा, फोन. ती ऐकत ऐकत दूध तापवत होती.

“नोकरी जाईल?”

“जाईल.”

“तुरुंग?”

“ठाऊक नाही.”

“जेवतोस का?” ती म्हणाली.

सकाळी शिंक्यावरचं गाडगं खाली काढलं तर दही असं लागलं होतं, की उलटं केलं तरी सांडू नये. जालिंदर निघाला. पुढं त्याची खुर्ची जाणार होती, चारचौघांत छी-थू होणार होती, पाटीवरचं नाव पुसलं जाणार होतं. ते त्यालाही दिसत होतं आणि तिलाही. दारात कलावती आडवी आली.

“हात कर,” ती म्हणाली. आणि दही घातलं.

ना धन आलं ना मान आला, पण सारजाबाईच्या घराला जे भाग्य यायचं होतं ते त्या सकाळी आलं.

वर पिराशी त्याने मोटार थांबवली. फकीर कटोरा घेऊन दुधाला निघाला होता.

“बाबा, येतो.”

“ये.”

“एकच राहिलं. गाडी अजून तिथं फिरतेय. तिला काय सांगू?”

“परत कधी येणार ती?”

“ती परत येत नसते, बाबा. तिकडंच संपायचं असतं तिनं. आईला मी सांगितलं होतं तसं. तरी तिनं दही बांधून दिलं.”

“सांगितलं होतंस?”

“हो. दोनदा.”

…

फकिराने कटोरा काखेत धरला आणि उताराला लागला. थोडं पुढं जाऊन, मागे न बघता म्हणाला,

“डबीतलं दही गाडीचं नव्हतं, जालू. परत न येणाऱ्याला सारजा कधी दही देत नव्हती.”